आजोबांना मुद्दाम जिंकू देऊ नका

घरातील वयस्कर माणूस आजारातून उठलेला असतो, दिवस लांबलचक वाटू लागलेला असतो आणि कोणीतरी दारामागे उभा करून ठेवलेला कॅरम बाहेर काढते. समोर नातू बसतो. पहिल्या दोन-चार फटक्यांतच नातवाच्या लक्षात येते की आजोबांचा हात पूर्वीसारखा राहिलेला नाही. मग तो भोकाच्या तोंडाशी असलेली सोंगटी सोडून देतो, राणीकडे बघतच नाही, स्ट्रायकर हलकेच भलतीकडे ढकलतो. आजोबा जिंकतात. घरचे टाळ्या वाजवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पट मांडावा म्हटले, तर आजोबा म्हणतात, ‘नको, आज कंटाळा आला.’

हा कंटाळा खेळाचा असेलच असे नाही. ज्याने उमेदीची वर्षे चाळीच्या गॅलरीत कॅरम खेळण्यात घालवली, त्याला चुकलेला फटका आणि चुकवलेला फटका यांतला फरक न सांगता कळतो. त्याची नजर अधू झाली असेल, हात थरथरत असेल. पण खेळाची जाण बोटांच्याही आधी मनात असते आणि ती सहजी जात नाही. आपल्याला जिंकवले जात आहे हे ज्या क्षणी त्याच्या ध्यानी येते, त्या क्षणी तो खेळाडू उरत नाही, पुन्हा रुग्ण होतो. आपण प्रेमाने केलेली गोष्ट त्याला नेमकी नको त्या जागी लागते.

म्हणून या लेखांकात एकच गोष्ट सांगावयाची आहे. वयस्कर माणसाबरोबर खेळताना पटाची उंची बदला, दिवा बदला, खुर्ची बदला, खेळाचा वेळ बदला. गुणांचा हिशेब मात्र खरा ठेवा. सवलत द्यावयाची असेल तर ती उघडपणे ठरवून द्या. हे कसे करावे, हे आता क्रमाने पाहू.

भांडुपचा घरगुती खेळ

भांडुपच्या पश्चिमेकडील वस्ती पाहिली, तर कॅरमचे येथे इतके प्रस्थ का, हे उमगते. टेंभीपाडा, कोकणनगर, सोनापूर, खिंडीपाडा ही नावे घेतली की डोंगराच्या पायथ्याशी आणि उतारावर दाटीने उभी राहिलेली घरे डोळ्यांपुढे येतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आलेली कितीतरी कुटुंबे येथे स्थिरावली. सिएटचा टायर कारखाना, एशियन पेंट्स, जीकेडब्ल्यू अशा कारखान्यांच्या पाळ्यांवर घरांची घड्याळे चालत. क्रिकेटला मैदान लागते, कबड्डीला निदान अंगण लागते. कॅरमला चार माणसे बसतील एवढी जागा पुरते. पाळी संपवून आलेला माणूस आंघोळ करून गॅलरीत येई, पटावर पावडर पडे आणि रात्र केव्हा झाली हे कळत नसे. सार्वजनिक सत्यनारायणाच्या पूजेला किंवा माघी गणपतीला मंडळाची कॅरम स्पर्धा ठेवण्याची प्रथा याच वातावरणात रुजली.

तेव्हाचे खेळाडू आज सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. ज्यांची घरे चढावर आहेत त्यांना पायऱ्या उतरणे जड जाते. ज्यांच्या चाळींच्या जागी उंच इमारती आल्या, त्यांना उद्वाहक मिळाला, पण गॅलरी गेली. शेजाऱ्याचे दार समोरच असते, मात्र ते बंद असते. अशा वेळी घरातच मांडता येणारा, दोन माणसांत रंगणारा आणि लहानपणापासून अंगवळणी पडलेला हा खेळ केवळ विरंगुळा म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही.

मेजावरील स्पर्धा म्हणजे काय?

घरगुती खेळातून जागतिक स्पर्धा उभी राहावी, हे केवळ आपल्याकडेच घडलेले नाही. थंड प्रदेशांत टेबल हॉकी नावाचा खेळ आहे. मेजावर बर्फाच्या मैदानाची छोटी प्रतिकृती असते, प्रत्येक बाजूला गोलरक्षकासह सहा पुतळे असतात आणि पटाखालून बाहेर आलेल्या दांड्या पुढेमागे सरकवून व फिरवून ते खेळवावयाचे असतात. कॅनडात १९३० च्या दशकातील मंदीत डोनाल्ड मन्रो नावाच्या गृहस्थांनी आपल्या मुलांसाठी घरातल्या टाकाऊ वस्तूंतून असा एक खेळ तयार केला, आणि पुढे तो त्या देशात घरोघर पोहोचला. स्वीडनमध्ये या खेळाने स्पर्धेचे रूप घेतले. १९८९ साली तेथे पहिली जागतिक स्पर्धा भरली. सामना अवघ्या पाच मिनिटांचा असतो. त्यात दोन्ही हात, दोन्ही डोळे आणि सगळे लक्ष गुंतून जाते.

आपला कॅरम हा याच कुळातला. १९८८ साली तेव्हाच्या मद्रासमध्ये आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघ स्थापन झाला आणि देशोदेशींच्या खेळाडूंना एक नियमावली मिळाली. चेन्नईचे मारिया इरुदयम हे या खेळातील जगज्जेते. त्यांना अर्जुन पुरस्काराचा मान मिळाला. मुंबईचे प्रशांत मोरे आणि संदीप दिवे, पुण्याचे योगेश परदेशी ही जागतिक पातळीवर गाजलेली नावे महाराष्ट्राची आहेत. महिलांत बिहारच्या रश्मी कुमारी यांनी जगज्जेतेपद एकाहून अधिक वेळा मिळवले आहे. आपल्या घरातील आजोबा ज्या खेळात रमतात, त्याला एवढी मोठी परंपरा आहे, हे नातवंडांना अवश्य सांगावे.

नियमांची थोडी उजळणी करू, कारण पुढील सल्ला त्यांवर उभा आहे. पटावर एकूण १९ सोंगट्या असतात. कोणी त्यांना कुकऱ्या म्हणतात. त्यांपैकी नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक लाल राणी. पांढऱ्या सोंगट्यांचा खेळाडू सुरुवात करतो. ज्याच्या सर्व सोंगट्या आधी संपतात, त्याला प्रतिस्पर्ध्याच्या पटावर उरलेल्या सोंगट्यांइतके गुण मिळतात. राणीचे तीन गुण. पण राणी घेतल्यावर लगेच आपली एक सोंगटी घेऊन ती पक्की करावी लागते. म्हणजे एका मांडणीत, जिला बोर्ड म्हणतात, जास्तीत जास्त १२ गुण मिळू शकतात. २५ गुण आधी मिळवील किंवा आठ बोर्डांनंतर पुढे असेल, तो त्या डावाचा विजेता. एखाद्याचे २२ गुण झाले की त्याला पुढे राणीचे गुण मिळत नाहीत. प्रत्येक फटका १५ सेकंदांत मारावा, अशीही अट आहे.

या नियमांत एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. आघाडीवर असलेल्याला राणीचा लाभ मिळू नये, ही मागे पडलेल्याला नियमानेच दिलेली संधी आहे. ती कोणी दया म्हणून देत नाही; ती दोघांनाही आधीपासून ठाऊक असते. घरी सवलत द्यावयाची ती याच जातीची असावी.

खेळाने काय साधते, काय साधत नाही

‘कॅरम खेळल्याने स्मृतिभ्रंश टळतो’ असे कोणी छातीठोकपणे सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागात ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचा काही वर्षे मागोवा घेण्यात आला होता. तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. परंतु अशा निरीक्षणात एक अडचण असते. खेळामुळे मेंदू टिकला, की ज्यांचा मेंदू आधीच कुरकुरू लागला होता त्यांनीच खेळ सोडला, हे निश्चितपणे वेगळे करता येत नाही. तेव्हा कॅरमकडे औषध म्हणून पाहू नये.

मात्र एकटेपणाविषयी वैद्यकशास्त्राचे मत आता बरेच स्पष्ट आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाशी निगडित असे १४ घटक सांगितले, ज्यांबाबत आपण काही करू शकतो. त्यांत ऐकू कमी येणे, दिसण्यातील उणीव, उच्च रक्तदाब, मधुमेह, शारीरिक निष्क्रियता यांच्या बरोबरीने माणसांतून तुटणे हाही एक घटक आहे. कॅरम एकट्याने खेळण्यात मजा नाही. समोर माणूस लागतोच. हीच त्याची मोठी जमेची बाजू.

आणखी एक मर्यादा ध्यानी असू द्यावी. कॅरम बसून खेळावयाचा खेळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार ज्येष्ठांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातून तीन दिवस तरी तोल सांभाळण्याचे व बळ वाढवण्याचे व्यायाम करावेत. सकाळचे चालणे सोडून कॅरम नको. चालून आल्यावर कॅरम, हा क्रम उत्तम.

बैठक, उंची आणि उजेड

घरी कॅरम मांडण्याच्या तीन पद्धती दिसतात: जमिनीवर, पलंगावर आणि जेवणाच्या मेजावर. वयस्करांसाठी तिन्ही अडचणीच्या आहेत. जमिनीवर बसणे गुडघ्यांना आणि उठणे त्याहून अधिक त्रासदायक. पलंगावर पट डगमगतो आणि पाठ वाकते. जेवणाचे मेज साधारण ७५ सेंटिमीटर उंच असते. त्यावर पट ठेवला की खांदे कानांपर्यंत उचलून खेळावे लागते आणि अर्ध्या तासात मान भरून येते.

स्पर्धेच्या नियमांत पट जमिनीपासून ६३ ते ७० सेंटिमीटर उंचीवर आणि बैठक ४० ते ५० सेंटिमीटर उंचीची असावी, असे म्हटले आहे. ही मोजमापे खेळाडूंच्या सोयीसाठी अनुभवाने ठरलेली आहेत. घरीही तीच धरावीत. घडीचे लोखंडी स्टँड मिळते, ते घ्यावे. बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतात ना, कोपर खांद्याच्या बरेच खाली राहते ना, एवढे पाहावे. स्पर्धेत बिनहाताची खुर्ची सोयीची पडते; पण ज्यांना उठताना आधार लागतो, त्यांना घरी हातांची खुर्चीच द्यावी. खेळ सुरू झाल्यावर खुर्ची हलवू नये, हा स्पर्धेचा दंडक आहे. घरी तो खुशाल मोडावा. ज्यांना वाकणे जमत नाही त्यांनी खुर्ची थोडी सरकवून घेतली, तर खेळाचे काही बिघडत नाही.

पट उचलण्याचे काम मात्र वयस्करांकडे देऊ नये. तो जड असतो, दोन्ही हात गुंतवतो आणि पायाखालचे दिसू देत नाही. तसेच खाली पडलेली सोंगटी उचलण्यासाठी त्यांना वाकू न देता, ते काम तरुण खेळाडूने करावे.

उजेडाकडे विशेष लक्ष द्यावे. वयानुसार बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते आणि डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश घटतो. नातवाला पुरेसा वाटणारा उजेड आजोबांना अंधूक असतो. स्पर्धेत पटाच्या मध्यभागी वरून टोपीचा दिवा सोडलेला असतो, तो उगाच नाही. असा दिवा असला की सावली पडत नाही आणि प्रकाश डोळ्यांवरही येत नाही.

चष्म्याविषयी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. वाचनाचा चष्मा साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर अंतरासाठी असतो. पटावरची सोंगटी त्याहून बरीच लांब, हातभर अंतरावर असते. त्यामुळे वाचनाच्या चष्म्यातून ती पुसट दिसते आणि लांबच्या भिंगातूनही नीट दिसत नाही. दोन भिंगांचा चष्मा असणारे खेळाडू मान वर-खाली करीत राहतात आणि दोष हाताला देतात. नेत्रतज्ज्ञांकडे जाताना आपल्या डोळ्यापासून समोरच्या भोकापर्यंतचे अंतर मोजून न्यावे आणि त्या अंतराचा चष्मा मागावा. ‘हात गेला’ म्हणून खेळ सोडलेल्या काहींचा हात शाबूत असतो, चष्मा तेवढा चुकीचा असतो.

बोटे आणि पावडर

अंगठ्याच्या मुळाशी किंवा बोटांच्या पेरांशी संधिवात असेल, तर खेळण्यापूर्वी पाच मिनिटे कोमट पाण्यात हात बुडवून बोटे उघडझाप करावी. नखाने टिचकी मारण्याऐवजी बोटाच्या पेराने स्ट्रायकर ढकलावा. ज्यांना तर्जनी दुखते त्यांनी मधले बोट वापरावे. जोरापेक्षा दिशेवर भर देणारा खेळ वयाला साजतो आणि बहुतेक वेळा तोच जिंकतोही. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी नखाखाली रक्त साकळत नाही ना हे पाहावे. मधुमेहात बोटांची संवेदना कमी झाली असेल, तर खेळानंतर बोटांची टोके उजेडात नीट तपासावीत.

कंपवातात हात स्थिर असताना दिसणारा कंप अनेकांत हेतुपुरस्सर हालचाल करताना थोडा कमी होतो. म्हणून ‘हात कापतो, आता कसला कॅरम’ असे आधीच ठरवू नये. मनगट चौकटीवर टेकवून एकदा खेळून पाहावे. पक्षाघातानंतर चांगल्या हाताने खेळावे आणि दुबळा हात मांडीवर लोंबकळत न ठेवता चौकटीवर नीट टेकवावा. त्या हाताने काय करून घ्यावे, हे फिजिओथेरपिस्टना विचारावे. या खेळाचे नाव सांगितले की तेही त्याचा उपयोग करून घेतील.

आता पावडरीविषयी. कॅरमवर टाकली जाते ती बोरिक पावडर पोटात गेल्यास विषारी असते. ती पिठीसाखर, मीठ किंवा टाल्कम यांच्यासारखीच दिसते. तेव्हा तिची डबी स्वयंपाकघरात कधीही ठेवू नये. डबीवर ठळक अक्षरांत नाव लिहावे. लहान मुलांच्या आणि स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या हाती ती लागू देऊ नये. खेळताना शेंगदाणे, बिस्किटे, चहा यांचा मोह टाळावा आणि डाव संपल्यावर साबणाने हात धुवावेत. चुकून पोटात गेलीच, तर घरी ओकारी काढण्याच्या खटपटीत न पडता पाकिटासह तातडीने डॉक्टरांकडे जावे. पावडर चिमूटभर पुरते, आणि ती फुंकून पसरवू नये. दमा असलेल्यांना त्याचा त्रास होतो.

हीच पावडर लादीवर सांडली की लादी अतिशय निसरडी होते. वयस्करांच्या पडण्याचे हे एक न दिसणारे कारण ठरू शकते. पटाखाली जुनी चादर अंथरू नये, तिच्यात पाय अडकतो. खेळ संपताच, आजोबा उठण्यापूर्वी, ओल्या फडक्याने लादी पुसून कोरडी करावी.

प्रत्येक बोर्डानंतर उठून खोलीत एक फेरी मारावी. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना एकदम उभे राहिल्यावर भोवळ येऊ शकते. म्हणून आधी बसल्या बसल्या पावले दहा-बारा वेळा वर-खाली हलवावीत, मग चौकटीला नव्हे तर खुर्चीच्या हातांना धरून सावकाश उठावे. चौकटीवर भार दिला तर स्टँड कलंडू शकते.

उघड सवलत, खरा हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. दोन खेळाडूंच्या ताकदीत फरक असेल, तर सामना एकतर्फी होतो आणि एकतर्फी सामन्यात दोघांनाही रस उरत नाही. हा फरक मिटवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे खेळता खेळता गुपचूप चुकणे. दुसरा म्हणजे खेळ सुरू होण्यापूर्वी समोरासमोर ठरवणे. पहिल्यात समोरच्याला फसवावे लागते. दुसऱ्यात तो स्वतः वाटाघाटीत सामील असतो.

काही उघड सवलती अशा देता येतील. १५ सेकंदांची अट वयस्कर खेळाडूला लावू नये. त्यांना डावाच्या सुरुवातीला पाच गुणांची आघाडी द्यावी. तरुण खेळाडूने डाव्या हाताने खेळावे. याने तर नातवाची चांगलीच त्रेधा उडते. पहिला फटका नेहमी आजोबांचा. किंवा दुहेरी खेळावे: आजोबांच्या समोर त्यांचा जोडीदार म्हणून घरातला उत्तम खेळाडू बसवावा, म्हणजे कोणती सोंगटी आधी घ्यावयाची हे आजोबा सांगतील आणि अवघड फटका जोडीदार मारील. सवलत ठरली की मग मात्र दोघांनीही जीव तोडून खेळावे. आजोबा हरले तर हरू द्यावे. पुढच्या वेळी ते सवलत वाढवून मागतील किंवा ‘आता तीनच गुण पुरेत’ असे म्हणतील. त्या एका वाक्यात प्रकृतीची जी खूण मिळते, ती कितीतरी चौकश्यांतून मिळत नाही.

एका साध्या वहीत तारीख आणि गुण लिहून ठेवावेत. ही वही काळजी घेणाऱ्यालाही उपयोगी पडते. रोज दोन डाव खेळणारा माणूस अचानक एकाच बाजूच्या सोंगट्या दिसत नसल्यासारखा खेळू लागला, नेहमीचा नियम विसरू लागला, हातातून स्ट्रायकर वरचेवर निसटू लागला, तर ते सहज सोडून देऊ नये, डॉक्टरांना सांगावे. हे बदल एकाएकी झाले, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. छातीत दुखणे, दम लागणे, घाम फुटणे हेही ‘खेळाच्या भरात’ म्हणून दुर्लक्षू नये.

स्मृतिभ्रंशाच्या वाटेवर असलेल्या व्यक्तीबरोबर काय करावे, असा प्रश्न रास्तच येईल. तेथेही तत्त्व तेच, नियम सोपे. राणी काढून टाका. काळ्या-पांढऱ्याचा भेद ठेवू नका; ज्याने जी घेतली ती त्याची. सोंगट्या निम्म्याच मांडा. नियम दोघांना सारखा असावा आणि खेळण्यापूर्वी मोठ्याने सांगावा. पुढे आजार वाढला आणि हार-जीत उमजेनाशी झाली, की गुण मोजणेच सोडून द्यावे. सोंगटी भोकात पडल्याचा आवाज आणि समोरचा ओळखीचा चेहरा एवढेही तेव्हा पुरते. मोजले जात असेल तोवर मात्र खरे मोजावे.

समोर कोण बसेल?

घरातल्या माणसांना रोज वेळ मिळेलच असे नाही. तेव्हा खेळाडू घराबाहेर शोधावा. इमारतीत, चाळीत, गल्लीत एकेकाळी कॅरम खेळलेला दुसरा ज्येष्ठ हमखास असतो. त्यालाही कोणी विचारलेले नसते एवढेच. सोसायटीच्या कार्यालयात किंवा मंडळाच्या खोलीत आठवड्यातून दोन दिवस, संध्याकाळी चार ते सहा, पट मांडून ठेवण्याची परवानगी मागावी. जागा तळमजल्यावर असावी, स्वच्छतागृह जवळ असावे. मंडळाच्या वार्षिक स्पर्धेत साठ वर्षांवरील गट ठेवण्याचा आग्रह धरावा. राज्यातील अधिकृत स्पर्धांत वयस्करांसाठी एकेरीचा स्वतंत्र गट असतो. तो पुरुषांचा असतो तसा महिलांचाही असतो.

महिलांचा उल्लेख हेतुपूर्वक केला आहे. त्या गॅलरीत खेळ रंगत असे तेव्हा घरातील बाई पाणी भरत होती, पोळ्या लाटत होती, फार तर दारात उभी राहून बघत होती. सोंगटी कुठून कुठे जाते हे तिने वर्षानुवर्षे पाहिलेले आहे. स्ट्रायकर मात्र तिच्या हाती क्वचितच आला. आजींना ‘तुम्ही बसता का?’ असे एकदा विचारून पाहावे. पहिल्यांदा त्या हसून नकार देतील. दुसऱ्यांदा विचारावे.

काळजी घेणाऱ्या वाचकांसाठीही एक शब्द. शेजारचे काका समोर येऊन बसले की तो एक तास आपला असतो. त्या तासात स्वयंपाक उरकण्याची घाई करू नका. खाली उतरा, शिवाजी तलावापर्यंत चालून या, मैत्रिणीला दूरध्वनी करा, किंवा नुसते पडून राहा. दीर्घकाळ सेवा करणाऱ्याची प्रकृती टिकणे हा रुग्णाच्या उपचाराचाच भाग आहे.

येत्या रविवारी हे करून पाहा. दारामागचा पट बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात तो दमट भिंतीला टेकून राहिला असेल तर बाक आला आहे का, हे मध्यभागी स्ट्रायकर ठेवून पाहा. स्टँडची उंची मोजा, वर दिवा बांधा, सोंगट्या मोजून १९ भरतात ना ते बघा. मग आजोबांना किंवा आजींना समोर बसवून एवढेच विचारा, ‘किती गुणांची आघाडी हवी?’ आणि ते जे उत्तर देतील ते मान्य करून पूर्ण ताकदीने खेळा.